सही झालेल्या बाई

बाईंच्या सोप्यावर तालीम सुरू झाली की पहिला आठवडा संवाद नसत, नुसता चहा असे. बागायतीतून थेट आलेला, पायांना अजून लाल माती असलेला माणूस, बसचा कंडक्टर, तुयेंच्या औषध कारखान्यात पॅकिंगवर देखरेख करणारी मी, असे आम्ही वेताच्या खुर्च्यांवर ओळीनं बसायचो आणि बाई पणजीहून आणलेल्या नाजूक कपांतून आम्हाला चहा द्यायच्या. आम्ही कोट्यधीश होतो. आमचा दोना पावलाला समुद्राकडे तोंड केलेला बंगला होता. तो आमच्या कोरगावात बसून दिसावा म्हणून हा खटाटोप.

"कपाकडे बघू नका," बाई ओरडायच्या. "श्रीमंत माणूस कपाकडे बघत नाही, त्याला तो फुटायची भीती नसते. समोर बोलणाऱ्याकडेही बघत नाही. तो दाराकडे बघतो, आपल्याहून श्रीमंत कुणी आत येतंय का म्हणून."

कंडक्टर दाराकडे बघायचा आणि चहा सदऱ्यावर सांडायचा. बाई कपाळाला हात लावायच्या.

बाई आमच्या हायस्कुलात मराठी शिकवायच्या. मला त्यांनी तीन वर्षं शिकवलं आणि त्यातली दोन वर्षं मी त्यांना घाबरून होते. निबंधाला त्यांनी एकदा विषय दिला होता, 'मी मारलेली सर्वांत चांगली थाप'. पालक तक्रार घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "खरं बोला म्हणून निबंध दिला असता तर पोरांनी तुमचंच सांगितलेलं लिहिलं असतं. थाप लिहायला सांगितली तेव्हा कुठे खरं कळलं." मला त्या निबंधात दहापैकी तीन मिळाले होते. शेरा होता, थाप फार साधी आहे, आईलाही पटणार नाही.

त्यांनी लग्न केलेलं नाही, असं गाव समजत होतं. कपाळावर कुंकू नाही, गळ्यात काही नाही, आणि हळदीकुंकवाचं आमंत्रण कधी नाही. नवी नवरी गावात आली की बाई तिला तळ्याकडे, दुकानात, कुठेही गाठायच्या आणि विचारायच्या, "घोवाकडे बोलतंस काय गो?" नवऱ्याशी बोलतेस का, हे असं कुणी विचारत नाही; नवरी लाजायची. बाई म्हणायच्या, "लाज नको, उत्तर हवं. जेवणाखाणावर लग्न महिनाभर चालतं. पुढे बोलायलाच लागतं."

आमच्या देवीच्या जत्रेला गावच्या हौशी लोकांनी नाटक करायचं, ही पूर्वापारची रीत. गावाला पाहिजे असत ढाल-तलवारी, नाहीतर देवदैत्य. बाई मात्र दरवर्षी स्वतः नाटक लिहायच्या आणि ते असायचं बंगल्यातल्या उंची माणसांचं, जी गोड बोलून एकमेकांचे गळे कापतात. समितीतले म्हातारे कुरकुरायचे, बाई ऐकायच्या नाहीत. त्यांचा एक नियम होता, रंगमंचावर रडायचं नाही. "बंगल्यातली माणसं रडत नाहीत, नोकराला हाक मारतात." दुसरा नियम, शब्द बदलायचा नाही. ज्यानं बदलला त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम उंडे, आमच्याकडचे गोल पाव, आणायचे. कंडक्टरमुळे आम्ही त्या वर्षी पोटभर उंडे खाल्ले.

प्रॉम्प्टिंग त्या स्वतः करायच्या. विंगेत स्टूल, मांडीवर वही, हातात टॉर्च. त्यांचं प्रॉम्प्टिंग मागच्या रांगेपर्यंत ऐकू यायचं, कारण दबक्या आवाजात बोलणं त्यांना जमतच नव्हतं. "प्रॉम्प्टर म्हणजे देव," त्या म्हणायच्या. "त्याला सगळं माहीत असतं, तो दिसत नाही, आणि ऐन वेळी त्याचं कुणी ऐकत नाही." रागावल्या की त्या अशा छापील मराठीत बोलायच्या. माया आली की पेडण्याच्या बोलीवर उतरायच्या, पण तो योग क्वचित.

त्या वर्षीच्या नाटकाचं नाव होतं 'साखर किती?'. जहाजांच्या धंद्यातलं एक मातबर जोडपं लग्नाचा पंचविसावा वाढदिवस करतं आहे. मी त्यातली यजमानीण. पार्टीला एक जुना ओळखीचा येतो. त्याला माहीत असतं की ह्या दोघांचं लग्न कधी झालेलंच नाही. मग तो चहा ढवळत ढवळत किंमत सांगतो. "सभ्य माणूस धमकी देत नाही, वहिनी, तो आठवण करून देतो," हे त्याचं वाक्य. माझं उत्तर होतं, "आणि सभ्य बाई विसरत नाही, फक्त वेळ घेते."

तो ओळखीचा झाला होता दिगू. दिगू जत्रेच्या समितीचा सेक्रेटरी, आणि धंदा जमिनींच्या दलालीचा. विमानतळ झाल्यापासून आमच्या पेडण्यात डोंगर, शेतं, घरं, सगळ्यालाच गिऱ्हाईक आलं होतं. दिगूकडे मोठी गाडी आली, हातात सोन्याचं कडं आलं, आणि बाईंच्या मते अभिनयही थोडा आला. "तुला नटायची गरज नाही," त्या त्याला म्हणाल्या होत्या, "तू नुसता ये." तो खूश झाला होता.

एका संध्याकाळी तालमीत तो आपल्या वाक्याशी आला आणि थांबला. मी कप घेऊन त्याच्या समोर बसले होते. त्यानं माझ्याकडे बघायचं होतं. तो बघत होता बाईंकडे.

"सभ्य माणूस धमकी देत नाही," तो म्हणाला, "तो मुळगावची आठवण करून देतो."

मुळगाव हे डिचोलीकडचं गाव, नाटकात ते कुठेच नव्हतं. मला वाटलं, झालं, उद्याचे उंडे दिगूचे. मी हसून बाईंकडे बघितलं. बाईंच्या हातातली टॉर्च पेटलेलीच राहिली होती आणि उजेड त्यांच्याच पायांवर पडला होता. ज्या बाई 'आणि'च्या जागी 'व' आला तरी तालीम थांबवायच्या, त्यांनी ते वाक्य जाऊ दिलं.

सगळे गेल्यावर मी कप धुवायला मागे राहिले. दिगूही राहिला होता. न्हाणीच्या भिंतीआडून मला त्याचा आवाज ऐकू आला. "बाई, मी वायट माणूस नाय. तुमचो भाऊ तयार आसा, दिल्लीवालो घर घेऊक तयार आसा. तुमची सही तेवढी ऱ्हवली. जत्रेच्या दिवसापर्यंत करा. नायतर तिसऱ्या अंकात माझां वाक्य मी माझ्या पद्धतीन म्हणतलंय. नावगावासकट."

तो गेला. मी ओले हात तसेच घेऊन सोप्यावर आले. "बाई, मुळगावात काय आसा?"

"माझो घोव आसा," बाई म्हणाल्या.

गोव्याबाहेरच्या वाचकाला इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे लग्न आधी सरकारदरबारी होतं, मग मांडवात. मुलगा-मुलगी नोंदणी कचेरीत जाऊन पहिली सही करतात, काही दिवसांनी दुसरी. दुसरी सही झाली की कायद्यानं ती नवरा-बायको. पण आमच्या लोकांच्या लेखी ते कागदाचं काम. अक्षता पडेपर्यंत मुलगी माहेरीच राहते, आणि मधे कधी कधी महिने जातात.

बाईंच्या दोन्ही सह्या झाल्या होत्या. मुलगा मुळगावचा, खाणीच्या कचेरीत नोकरीला. लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. मधल्या महिन्यांत तो दर रविवारी ह्याच सोप्यावर येऊन बसायचा. मग त्याच्या आईचा निरोप आला की लग्नानंतर नाटकं बंद. बाईंनी त्याला विचारलं, "तू काय म्हणतोस?" तो म्हणाला, "आई म्हणता तां." बाईंनी त्याला चहा पिऊन घरी जायला सांगितलं. लग्न लागलंच नाही, तेव्हा मोडायचं काय, असं दोन्ही घरांनी ठरवलं. सह्यांचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढे त्यानं देवळात दुसऱ्या मुलीशी लग्न केलं, तिला घेऊन सही करायला गेला, आणि तेव्हा कारकुनानं सांगितलं की तुमचं लग्न आधीच झालेलं आहे. तीच नोंद आता घराचे कागद काढताना दिगूच्या हाती लागली होती.

"मगे कोर्टात जाऊन सोडवून घेऊचां नाय?" मी विचारलं.

"बाबा म्हणाले, कोर्टात गेल्यावर गावभर होईल. मग बाबा गेले. मग शाळा होती, नाटकं होती. लोक ह्याला स्वाभिमान म्हणतील. अर्धा स्वाभिमान हा आळसच असतो."

"म्हणां दे दिगूक. तुमचां काय जातला?"

"माझं काहीच जात नाही. लोक दोन महिने बोलतील, मला करमणूक होईल. पण तिथे शालन आहे. इतकी वर्षं त्याच्या घरात राबली, कागदावर ती त्याची कुणीच नाही. आणि तिच्या मुलीचं लग्न ठरलंय." त्या उठून आत गेल्या. दारातून म्हणाल्या, "माझं घर वाचवायला तिचं मोडू काय?"

घर म्हणजे तो सोपा, मागची विहीर, आणि डोंगराच्या अंगावरची काजूची झाडं. बाईंना दुसरं काही नव्हतं. भाऊ पुण्याला, त्याला विकायची घाई. बाईंची सही झाली की पावसाच्या आधी तिथे जेसीबी लागणार होता. नाटक रद्द करू या, असं मी म्हणून बघितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सातवीत गेले. देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं की आमच्याकडे नाटक मोडत नाही. घरात माणूस गेला तरी दुसरा उभा करतात. आणि दिगूला काढायचं तर समितीच त्याच्या खिशात.

मधल्या एका रविवारी बाई म्हणाल्या, "स्कूटर काढ." आम्ही मुळगावला गेलो. रस्ताभर त्या काय बोलायचं ते पाठ करत होत्या, मला मागून ऐकू येत होतं.

शालनताईंचं घर शेताच्या कडेला होतं. आम्ही 'नाटकाचं आमंत्रण द्यायला आलो' असं सांगितलं. त्यांनी बाईंकडे एकदा नीट बघितलं आणि बसा म्हणाल्या. आत पलंगावर मुलीच्या साड्या पसरलेल्या होत्या. मुलगी एकेक उचलून आम्हाला दाखवू लागली, ही साखरपुड्याची, ही वरात घरी येते तेव्हाची. बाईंनी प्रत्येक साडीचा पदर हातात घेऊन बघितला. चहा झाला. बाईंनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "रंग चांगले निवडले आहेस." बस्, एवढंच. पाठ केलेलं सगळं तसंच गिळून त्या उठल्या आणि पायऱ्या उतरून स्कूटरकडे गेल्या.

शालनताईंनी दारात माझा हात धरला. "आमंत्रण द्यायला कोण कोरगावसून येणा नाय. ती कित्याक इली ता सांग. ती कोण ता माका ठावक आसा."

मी सांगून टाकलं. दिगू, सही, तिसरा अंक, सगळं. बाईंना विचारलं नव्हतं, आणि आज पुन्हा तसंच झालं तर पुन्हा सांगेन.

जत्रेच्या दिवशी आम्ही उजेड असतानाच रंगायला बसलो. दहाला भोंगे बंद करावे लागतात, त्यामुळे नाटक आता दिवेलागणीलाच सुरू होतं. देवळाच्या शेजारची प्राथमिक शाळा ही आमची मेकअपची खोली. पहिल्या रांगेत घर घ्यायला आलेले दिल्लीचे पाहुणे बसवले होते, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. नाटकाचा मंडप त्या वर्षी त्यांच्या खर्चानं लागला होता.

पहिले दोन अंक कसे झाले ते मला आठवत नाही. लोक हसत होते एवढं आठवतं. दिगू छान करत होता, तेच भीतीचं होतं. दुसऱ्या अंकाचा पडदा पडल्यावर तो आमच्या खोलीत आला, बाकावर कागद ठेवले आणि म्हणाला, "बाई, चहापाण्याचो वेळ आसा. तेवढ्यात करून टाका." आणि दारात उभा राहिला.

बाईंनी चष्मा पुसला. पेन उघडलं. मी म्हटलं, "बाई, नको." त्या म्हणाल्या, "तू साडी बदल. तिसऱ्या अंकात निळी." त्यांचा आवाज नेहमीचा होता. पेन मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. मला इतका राग आला होता की साडीची पिन माझ्याच बोटात घुसली.

तेवढ्यात दिगूला बाजूला सारून शालनताई आत आल्या. अंगावर जत्रेची चांगली साडी, हातात पिशवी. मागे दाराच्या चौकटीत एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे राहिले. आत येऊ की नको, असं त्यांचं चाललं होतं.

शालनताईंनी बाकावरचा कागद उचलून दिव्याकडे धरला. "हंय अविवाहित म्हणून लिवलां," त्या म्हणाल्या. "जल्मात कोणाक खोटां लिवक दिलास नाय म्हणतत, आनी आता स्वता सही करतास?"

"शालन, तुझ्या मुलीचं लग्न आहे," बाई म्हणाल्या.

"आसा. म्हणानच सांगतंय. आज हेणी घर मागल्यान. तां दिलास काय फाल्यां दुसरो कोण माझ्या दारात येतलो. माझ्या चेडवाच्या पाठीमागे ही गजाल जल्मभर फिरतली. तेपरीस एकदाच होऊंदे." मग त्या दाराकडे वळल्या. "तुमी बोला मगे. बोलूक हाडलंय तुमका."

बाई उठून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी त्यांनी त्या माणसाकडे सरळ बघितलं असावं. "तू काय म्हणतोस?" त्यांनी विचारलं.

गृहस्थांनी शालनताईंकडे बघितलं, पण त्यांनी तोंड फिरवलं होतं. "सही करू नको," ते म्हणाले.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. दिगूचं तोंड लालबुंद झालं होतं. "बरां," तो म्हणाला, "बघूया." बाई त्याला म्हणाल्या, "तिसरी घंटा झाली. तुझा प्रवेश पहिला आहे."

पडदा वर गेला. मी सोफ्यावर, दिगू समोर, मधे चहाचा ट्रे. माझा कप बशीत वाजत होता आणि पुढच्या रांगेला तो अभिनय वाटत असावा. दिगूनं साखर घातली, ढवळली. आणि उठून थेट माइकपुढे गेला.

"सभ्य माणूस धमकी देत नाही," तो म्हणाला. "पण ह्या कोरगावात एक बाई आसा. लोकांच्या पोरांक शिकवल्यान, लोकांक नीती सांगल्यान..."

"तो आठवण करून देतो," विंगेतून बाईंचा आवाज आला. प्रॉम्प्टिंग.

"...आनी स्वता काय केल्यान ता..."

"तो आठवण करून देतो, वहिनी." आणखी मोठ्यानं.

लोक हसले. बाईंच्या प्रॉम्प्टिंगला लोक नेहमीच हसायचे. दिगू विंगेकडे वळून ओरडला, "मी माझां वाक्य म्हणतंय!"

मग स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि बाई रंगमंचावर आल्या. सुती साडी, नाकावर चष्मा, हातात पेटलेली टॉर्च तशीच. मी सोफ्यावरून उठायला गेले, तर त्यांनी मला हातानंच बसवलं.

"तेचां वाक्य मीच म्हणतंय," बाई माइकमध्ये म्हणाल्या. "तेका नीट येणा नाय. ती बाई मी. माझां लग्न झालेलां आसा. अक्षता पडूक नाय, पण दोनय सह्यो झाल्यो. कोणी विचारूक नाय, मी सांगूक नाय. चूक माझी. आता सांगलंय."

कुणी तरी मागून शिट्टी मारली. निम्म्या लोकांना हे नाटकच वाटत होतं. पण पुढच्या रांगांतले म्हातारे एकमेकांकडे बघू लागले होते. दिगू रागानं बेभान झाला होता, आणि रागात माणूस आपलाच धंदा विसरतो. "मगे नाव सांगा घोवाचां! सांगा!"

बाई थांबल्या. आपलं सगळं सांगून झालं होतं, हे त्यांचं एकटीचं नव्हतं. त्यांनी मान हलवली. सांगणार नाही.

तिसऱ्या रांगेत शालनताई उभ्या राहिल्या. शेजारच्या माणसाच्या दंडाला धरून त्यांनी त्यालाही उभं केलं.

"हो तिचो घोव," त्या म्हणाल्या. माइकची त्यांना गरज नव्हती. "सही तिची, संसार माझो. कोणाक काय बोलूचां आसात तर माझ्याकडे बोला."

मग बाई छापील मराठीवर आल्या. "दिल्लीचे पाहुणे आले आहेत. त्यांना माझं घर हवं आहे. सरपंच, त्यांना जरा हिंदीतून सांगा. गोव्यात लग्न झालेल्या बाईचं घर तिच्या एकटीच्या सहीनं विकता येत नाही. नवऱ्याचीही सही लागते. नवरा तिसऱ्या रांगेत उभा आहे. त्याला विचारा."

"मी सही करूचंय नाय," गृहस्थ म्हणाले. ह्या खेपेला त्यांनी कुणाकडेही बघितलं नाही.

सरपंच पाहुण्यांच्या कानाशी वाकले. पाहुण्यांनी शाल आवरली आणि मांडीवरचा नारळ शेजारच्या खुर्चीवर ठेवला. दिगूला आपण काय करून बसलो ते तेव्हा कळलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते सहा महिन्यांच्या तालमीत बाईंना त्याच्याकडून काढता आलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"आता तुझं खरं वाक्य म्हण," बाई त्याला म्हणाल्या. "देवीपुढे नारळ ठेवलाय." आणि विंगेत जाऊन स्टुलावर बसल्या. दिगूनं ते वाक्य म्हटलं. मी उत्तर दिलं. अंक पुरा झाला.

गावानं दोन नव्हे, चांगले सहा महिने बोलून घेतलं. काहींनी बाईंना नमस्कार करायचं सोडलं. आणि काही घरांतून, हसू नका, त्यांना हळदीकुंकवाची आमंत्रणं आली, कारण कायद्यानं त्या आता सवाष्ण ठरल्या होत्या. बाईंनी निरोप पाठवला, "वाण पाठवून द्या, कुंकू तुमच्याकडेच असू दे." मुळगावच्या मुलीच्या सासरकडची माणसं आठवडाभर कुरकुरली. मग नवरा मुलगा म्हणाला, मला तिच्याशी लग्न करायचं आहे, तिच्या बापाच्या सह्यांशी नाही. तो एका वाक्यातच बाईंना आवडला. लग्नाला एक काका आले नाहीत. बाई शेवटच्या रांगेत बसून जेवल्या. दिगूनं नंतर गावातला धंदा आवरता घेतला आणि म्हापशाला कचेरी टाकली. पुढच्या जत्रेला बाईंनी त्याला परत बोलावलं होतं, तो आला नाही.

मग बाईंनीच वकील बघितला. दिवाणी कोर्टात दोन वर्षं गेली. गृहस्थांनी बाईंच्या घरातला, नवरा म्हणून कायद्यानं येणारा आपला वाटा सोडल्याचं लिहून दिलं, भांडण नव्हतंच कसलं. सगळं पार पडल्यावर मुळगावचं ते जोडपं डिचोलीच्या नोंदणी कचेरीत सही करायला गेलं. शालनताईंना तेव्हा नात झाली होती. साक्षीदार म्हणून त्यांनी बाईंना बोलावलं आणि बाई इस्त्रीची साडी नेसून माझ्या स्कूटरवरून गेल्या.

कचेरीतली कारकून तरुण मुलगी होती. नाव, वय, पत्ता विचारता विचारता तिनं मान वर न करता विचारलं, "तुमी अविवाहित मगे?"

"घटस्फोटित," बाई म्हणाल्या. असा स्वच्छ, मागच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज, की कचेरीतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. मग त्यांनी सही केली. शालनताईंनी सही केली, गृहस्थांनी केली. शालनताईंचा हात अडखळला तेव्हा गृहस्थांनी कागद धरून दिला. बाहेर आल्यावर पेढे झाले. बाईंनी दोघांची चेष्टा केली, म्हणाल्या, "नव्या नवऱ्यानं आता घरी जाऊन बोलायला शिकावं." सगळे हसलो. ते दोघं रस्ता ओलांडून बसस्टँडकडे गेले. शालनताईंनी रहदारीला घाबरून त्यांच्या शर्टाची बाही धरली होती.

बाई माझ्या मागे स्कूटरवर बसल्या. अस्नोडा मागे पडेपर्यंत त्यांनी माझा खांदा धरून ठेवला होता. मला वाटलं, दमल्या. कोलवाळच्या पुलावर वारा होता, आणि त्यांनी डोकं माझ्या पाठीला टेकवलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"चेडवा," त्या म्हणाल्या, "आळस नव्हतो गो तो."

मी स्कूटर हळू केली.

"कागदावर तरी तो माझो होतो. माका तो आवडायचो."

माझ्या पाठीवरचा ब्लाउज ओला झाल्याचं मला कळलं. पेडणे येईपर्यंत मी थांबले नाही, आणि त्यांना काही विचारलंही नाही.